टबातली वॉटर लिली: ठाणे-डोंबिवलीकरांसाठी

वॉटर लिलीला आपल्याकडे सर्रास कमळ म्हणतात, पण ही दोन वेगळी झाडे आहेत. कमळाची पाने देठावर पाण्याबाहेर उंच येतात. लिलीचे पान पाण्यावर तरंगते आणि त्याला देठापर्यंत चीर असते. पालि साहित्यातही लिली ती उप्पल, कमळ ते पदुम. विहारात वाहायला दोन्ही चालतात.

अठरा इंच रुंद, फूटभर खोल, भोक नसलेला टब पुरतो. माती शेतातली, चिकण हवी. कोकोपीट तरंगून वर येते आणि ताजे शेण घातले तर पाणी हिरवे होते. चार-पाच इंच माती, वर थोडी रेती, कंदाचा शेंडा उघडा. पावसाळ्याच्या तोंडावर लावावी. सुरुवातीला पाणी चार बोटे, पाने वाढतील तसे वाढवावे.

खरी अडचण उन्हाची. पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर नुसती पाने येतात. चाळीच्या गॅलरीत आम्ही वर्षभर पानेच मोजली. म्हणून लोक गच्चीकडे वळतात. पण पन्नास लिटरचा भरलेला टब पन्नास किलोंच्या वर जातो. पालिकेने धोकादायक ठरवलेल्या इमारतीत तो वर नेऊच नये, अंगणात किंवा विहाराच्या आवारात ठेवावा.

दुसरी अडचण डासांची, आणि इथे शेजाऱ्यांची तक्रार रास्त असते. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. आमच्या वस्तीत एकाच्या टबात अळ्या सापडल्या आणि शेजाऱ्यांनी झाडासकट टब रिकामा करायला लावला. चार-पाच गप्पी सोडले असते तर ही वेळ आली नसती. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते दोन दिवस उघडे ठेवून मगच मासे सोडावेत. पाणी बदलायची गरज नसते, आटेल तेवढीच भर घालावी. पाणीकपातीच्या दिवसांत हे सोयीचे. गप्पी वाढले तर तलावात सोडू नयेत, तिथल्या माशांना ते त्रासाचे ठरतात. जलपर्णीही टबात आणू नये. उल्हास नदीची तिने काय दशा केली ते आपण पाहतोच.

फूल तीन-चार दिवस उघडते-मिटते. काही जातींत पानाच्या मध्यावरच पिल्लू फुटते. ते तोडून ओल्या चिखलात टेकवले की पुढच्या घरासाठी रोप तयार.