डबल बेस वाजवायला धिप्पाडच असावं लागतं का?

आजचा भाग थोडा पर्सनल आहे.

माझी उंची पाच फूट एक इंच. सोळा वर्षांची असताना मी एका म्युझिक क्लासमध्ये कोपऱ्यात उभ्या असलेल्या डबल बेसकडे बोट दाखवलं. सर हसले. म्हणाले, "अगं, हा तुझ्यापेक्षा मोठा आहे. तू गिटार घे." मी गुपचूप गिटार घेतली. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. सर बरोबर होते का? उत्तर शोधायला इतिहासात शिरले, आणि गंमत म्हणजे हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना निघाला.

आधी हे वाद्य एवढं मोठं का, ते बघू. खर्जाचा सूर हवा तर तार लांब हवी किंवा जड हवी. पूर्वी तारा आतड्याच्या असायच्या. त्यातून खोल सूर काढायचा तर तार दोरखंडासारखी जाड करा, नाहीतर वाद्य आणखी लांब करा. मग १६६०च्या दशकात, इटलीतल्या बोलोन्या शहराच्या आसपास, आतड्यावर धातूची बारीक तार गुंडाळायला लागले. तार जड झाली, पण दोरखंडाएवढी जाड करायची गरज उरली नाही. म्हणजे वाद्य आटोपशीर ठेवूनही खर्ज मिळायला लागला.

पुढची अडचण खुंट्यांची. एवढ्या ताणाच्या तारा लाकडी खुंट्या पिळून सुरात आणायच्या म्हणजे मनगटाची कसोटी. १७७८ मध्ये बर्लिनच्या कार्ल लुडविग बाखमाननं दातेरी चाकांची खुंटी आणली. जोराचं काम चाकांनी उचललं.

आता हात. गिटारची तार साधारण ६५ सेंटिमीटर लांब, डबल बेसची साधारण १०५. साहजिकच सुरांमधलं अंतरही वाढतं. १९व्या शतकात व्हिएन्नाच्या फ्रान्झ सिमांडल यांनी शिकवण्याची जी पद्धत लिहिली, ती आजही चालते. खालच्या सुरांना तर्जनी, मध्यमा आणि करंगळी. अनामिका फक्त करंगळीला आधार देते. एका जागी हात ठेवून मिळतं किती? सा ते शुद्ध रे, बस्स! हाताचा पंजा मोठा असला तरी पुढच्या सुराला हात सरकवावाच लागतो. म्हणूनच व्हायोलिन आणि चेलोच्या तारा सा-प अंतरावर लावतात, तर डबल बेसच्या बहुतेक वेळा सा-म अंतरावर. तेवढीच हाताची धावपळ कमी.

उलटं करून बघायचा प्रयत्नही झाला बरं का! १८५०च्या सुमारास पॅरिसच्या व्हिओम यांनी 'ऑक्टोबास' बनवला, उंची जवळजवळ साडेतीन मीटर. तो वाजवायला माणूस कितीही धिप्पाड असून भागेना, म्हणून तारा दाबायला तरफा आणि पायाचे पेडल लावले. तो फार पसरला नाही. टिकला तो माणसाच्या मापाचा बेस. आज बहुतेक व्यावसायिक वादक ज्याला 'थ्री-फोर्थ' म्हणतात तोच वाजवतात. लहान मुलांसाठी तर त्याहून कितीतरी छोटे बेस मिळतात.

मग "तू लहान आहेस" हे वाक्य टिकलं कसं? मला वाटतं, ते नेहमीच उंचीबद्दल नव्हतं. १९६६ मध्ये ऑरिन ओब्रायन न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये डबल बेस वाजवायला आल्या, त्या ऑर्केस्ट्रातल्या पहिल्या पूर्णवेळ महिला वादक. पेपरवाल्यांना त्यांच्या वाजवण्याइतकंच त्यांच्या दिसण्यात रस होता! त्या मात्र ५५ वर्षं वाजवत राहिल्या. त्यांच्यावरच्या माहितीपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं.

ब्रिटनच्या ची-ची न्वानोकू यांची गोष्ट तर मला फारच आवडते. त्या शंभर मीटर धावायच्या. गुडघ्याला दुखापत झाली, धावणं सुटलं, आणि अठराव्या वर्षी डबल बेस हातात आला. बांधा लहानखुरा. पुढे त्या लंडनच्या एका नामवंत ऑर्केस्ट्राच्या मुख्य बेसवादक झाल्या आणि २०१५ मध्ये त्यांनी स्वतःचा 'चिनेके' ऑर्केस्ट्रा उभा केला.

तर मग शरीराचा काहीच संबंध नाही? आहे ना. बेसचं माप, खालच्या दांड्याची उंची, तारा पट्टीपासून किती वर आहेत, उभं राहायचं की उंच स्टुलावर बसायचं, हे सगळं अंगाप्रमाणे ठरतं. तार अंगठ्याच्या चिमटीनं दाबली तर हात दुखणारच; दाब अख्ख्या हाताच्या वजनाचा हवा. दुखलं तर थांबायचं, रेटायचं नाही. आणि हो, दादरच्या पुलावरून बेस न्यायचा असेल तर उंचीपेक्षा मित्र जास्त कामाला येतात!

तीनशे वर्षं लोक हे वाद्य माणसाला बेतत आले. त्या दिवशी सरांनी एवढंच म्हणायला हवं होतं: "थांब, तुझ्या मापाचा मिळतो का बघू."

मी गेल्या महिन्यात शिकायला सुरुवात केली. सा ते रे जमतंय. भेटू पुढच्या भागात!