किती तास, त्याहून केव्हा

समाजमाध्यमांमुळे विद्यार्थ्यांचे गुण घसरतात का, यावर २००९ साली अमेरिकेत मोठा वाद झडला. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका पाहणीत फेसबुक वापरणाऱ्यांचे गुण कमी आढळले आणि वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. त्याच वर्षी इतर संशोधकांनी अधिक मोठ्या नमुन्यांवर पडताळणी केली, तेव्हा तसा ठोस संबंध दिसला नाही. फेसबुकमुळे अभ्यास सुटतो की अभ्यासात मन न रमणारा विद्यार्थीच फेसबुककडे वळतो, हे अशा पाहण्यांवरून ठरवता येत नाही.

यातून वाट निघाली ती फेसबुकच्या प्रसाराच्या क्रमामुळे. फेब्रुवारी २००४ मध्ये ते केवळ हार्वर्डपुरतं सुरू झालं. मग कोलंबिया, स्टॅनफर्ड, येल असं एकेक विद्यापीठ जोडलं गेलं आणि सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांना खुलं झालं. ब्राघिएरी, लेव्ही आणि माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये, ते आधी पोचलेली आणि उशिरा पोचलेली कॉलेजं ताडून पाहिली. फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं होतं आणि त्यापायी अभ्यासाचं नुकसान झाल्याचं सांगणारेही वाढले होते. इतरांशी होणारी तुलना हे त्यामागचं संभाव्य कारण त्यांनी पुढे केलं. या विषयातला मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा हाच. आणि हे सगळं खिशात स्मार्टफोन येण्यापूर्वीचं आहे, हे विसरून चालणार नाही.

तासांच्या हिशेबातून मात्र फारसं हाती लागत नाही. अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झालं. त्यात एकूण वापर आणि गुण यांच्यातला उलटा संबंध अगदी क्षीण निघाला. अभ्यास करता करता होणाऱ्या वापराचाही संबंध उलटाच होता, तर अभ्यासासाठी केलेल्या वापराचा किंचित सुलटा. वेळ ‘खाल्ला जातो’ या सर्वमान्य समजुतीला त्यात आधार मिळाला नाही.

पुण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत हे नीट दिसतं. मुलगी गणित सोडवतेय, तिसऱ्या पायरीवर फोन थरथरतो. पाहून खाली ठेवायला अर्धं मिनिटही लागत नाही, पण परतल्यावर ती पहिल्या पायरीपासून वाचू लागते. एका कामातून दुसऱ्यात जाताना लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो, असं संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रयोगांतून मांडलं होतं. स्क्रीनटाइममध्ये हे नुकसान दिसत नाही.

शिवाय तो मेसेज बहुधा वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा असतो. तिथे मीम्स येतात, तशीच सबमिशनची तारीख, प्रॅक्टिकलची बॅच आणि नोट्सची पीडीएफही येते. मग फोन बंद ठेवायचा कुणी आणि कसा? विद्यार्थ्यांना संयमाचे धडे देण्याआधी कॉलेजांनी सूचनांसाठी वेगळा ग्रुप करावा, त्यात फक्त शिक्षकांनाच लिहिता यावं आणि सूचना रोज संध्याकाळी एकदाच टाकाव्यात. एवढं करायला कोणत्याही समितीची गरज नाही.