निवडुंगाच्या माळावरची वाडी

बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. पण ज्या कुटुंबाचे नाव त्या रस्त्याला मिळाले, त्याला तिथून बिऱ्हाड हलवावे लागले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी 1888 मध्ये तिथे सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर करायला सुरुवात झाली. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायलाच दोन वर्षे गेली. धंद्याचा जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली.

त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला एका मंडपाचे बांधकाम करत होते. अडचण कानावर येताच औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात कुठेही जागा निवडायची मुभा दिली, वर दहा हजारांचे कर्जही. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता, विखुरलेले तुकडेच होते. लक्ष्मणरावांनी त्यातला कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकरांचा माळ पसंत केला. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट असलेला, पिकाच्या दृष्टीने कुचकामी. पण शेजारून रेल्वे जात होती. कच्चे लोखंड आणायचे आणि जड नांगर गावोगाव धाडायचे, तर काळ्या जमिनीपेक्षा रूळ मोलाचे, हा हिशेब शेतकऱ्याचा नव्हे, कारखानदाराचा होता.

1910 च्या मार्चमध्ये मंडळी माळावर उतरली.

कारखान्यासाठी छप्पर उभारणे त्या मानाने सोपे. अवघड होते ते माणसे टिकवणे. गावे सहसा पाण्याच्या, बाजाराच्या किंवा देवळाच्या आधाराने वाढतात. इथे यातले काहीच आयते नव्हते. कारागिराने बायकामुले घेऊन यावे, तर घर, शाळा, दवापाणी, टपाल हे सगळे कारखान्यालाच उभे करावे लागणार. ही बाजू रामूअण्णांनी सांभाळली. रस्ते, पाणी, स्वच्छता यांत त्यांनी जातीने लक्ष घातले. नांगराचे श्रेय लक्ष्मणरावांना देताना त्यांचे हे काम बहुतेकांच्या नजरेतून निसटते. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही सुरुवातीची माणसे. जांभेकरांकडे अभियंत्याची पदवी नव्हती, पण यंत्र त्यांचे ऐकत असे.

वाडीचे नियमही जुन्या गावगाड्याहून निराळे होते. लक्ष्मणराव देवधर्माच्या वाटेला न जाणारे. अस्पृश्यता वाडीत चालणार नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकले. रात्रीच्या राखणीला तर तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली. शेजारपाजारच्यांना हा वेडेपणा वाटला असेल तर नवल नाही.

पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशी लोखंड, कोळसा मिळेनासा झाला. भट्टीत लाकडी कोळसा घालून पाहिला, नाना खटपटी केल्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. ही हकीकत दंतकथेसारखी वाटते खरी, पण माळावरची वस्ती त्या वर्षांत मोडली नाही, याची कारणे शोधताना ती टाळता येत नाही.

1920 मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ मर्यादित कंपनी झाली, भांडवल बारा लाखांचे. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. कुंडल रोडचे स्टेशन यथावकाश किर्लोस्करवाडी झाले. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेल्या या वाडीत नांगरांची जागा पंपांनी घेतली आहे.