शस्त्रांच्या प्रतिकृतींचा घरगुती संग्रह

शस्त्रांच्या प्रतिकृतींचा घरगुती संग्रह म्हणजे ऐतिहासिक तलवारी, ढाली, कट्यारी, दांडपट्टे, वाघनखे यांच्या नव्याने घडवलेल्या नमुन्यांचे घरी केलेले संकलन व मांडणी होय. महाराष्ट्रात हा छंद प्रामुख्याने शिवकाल व मराठेशाहीशी निगडित आहे. नाटक व चित्रपटांसाठी तयार झालेले रंगसाहित्य, शिवजयंतीच्या मिरवणुकीतील साहित्य आणि भेट मिळालेली स्मृतिचिन्हे यांतून असा संग्रह हळूहळू वाढत जातो. संग्रह वाढल्यावर जागा, सुरक्षितता, जतन आणि कायदा असे चार प्रश्न संग्राहकापुढे उभे राहतात.

पार्श्वभूमी

खंडेनवमी व विजयादशमीला शस्त्रपूजन करण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. ज्या घरांत पिढीजात शस्त्र नाही, तेथे काही जण प्रतिकृती पूजेत ठेवतात. वाशीम जिल्ह्यातील कामरगाव ज्या कारंजा तालुक्यात आहे, त्या कारंजा शहरावर शिवाजी महाराजांच्या सैन्याने १६७० मध्ये स्वारी केली होती. मराठी इतिहासाशी असलेले असे स्थानिक दुवे या आवडीला पूरक ठरतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला.

घरगुती संग्रहाचे संग्रहालयात रूपांतर झाल्याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवंगत पुत्र राजा याच्या स्मरणार्थ हा संग्रह उभारला व १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्त केला. त्यात प्रतिकृती नव्हेत, तर मूळ वस्तू आहेत. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात. जे आहे ते सगळे एकदम दाखवायचे नसते, हा धडा लहान संग्रहालाही लागू पडतो.

प्रकार

प्रतिकृतींचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. रंगमंचासाठीच्या प्रतिकृती लाकूड, पुठ्ठा किंवा ॲल्युमिनियमच्या व वजनाला हलक्या असतात. शोभेच्या प्रतिकृतींत गंजरोधक पोलादाचे बोथट पाते व पितळी मूठ आढळते. अभ्यासासाठीच्या प्रतिकृतींत मूळ शस्त्राची लांबी, वजन, तोल आणि घडण शक्य तितकी पाळलेली असते. नमुना ओळखण्यासाठी पारिभाषिक शब्द माहीत असणे उपयुक्त ठरते. धोप ही लांब, सरळ पात्याची तलवार होय. युरोपीय पात्याला देशी मूठ बसवलेल्या तलवारीला फिरंग म्हणतात.

मांडणी

जड वस्तू भिंतीत पक्क्या बसवलेल्या आधारांवर, किमान दोन ठिकाणी टेकवून ठेवाव्यात. केवळ एका खिळ्यावर टांगू नयेत. पात्याची धार आधारावर टेकू नये. लहान मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी टोकदार वस्तू ठेवणे टाळावे. कुलूपबंद काचेचे कपाट अधिक सुरक्षित असते. वस्तू काळ, प्रदेश किंवा प्रकार यांनुसार गटांत लावल्यास पाहणाऱ्याला अर्थबोध होतो. उरलेल्या वस्तू नीट बांधून ठेवाव्यात आणि काही महिन्यांनी मांडणी बदलावी.

प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन नोंदवहीत तिचे नाव, माप, धातू, कारागीर, खरेदीची तारीख व ती कशावरून घडवली हे लिहावे. दर्शनी पाटीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द स्पष्ट असावा.

जतन

लोखंडाचा मुख्य शत्रू म्हणजे ओलावा. हाताच्या घामातील क्षारांमुळे बोटांच्या ठशांच्या जागी गंज चढतो. म्हणून सुती हातमोजे घालून वस्तू हाताळाव्यात व पात्याला खनिज तेलाचा किंवा मेणाचा पातळ थर द्यावा. चामड्याच्या म्यानात ओलावा व आम्ले साठून राहतात. त्यामुळे पाते व म्यान वेगळे ठेवणे श्रेयस्कर. पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. चामडे व कापड यांवर थेट ऊन पडू देऊ नये.

कायदेशीर बाजू

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘शस्त्र’ या संज्ञेतून केवळ खेळणे म्हणूनच वापरता येण्याजोग्या व खऱ्या शस्त्रात रूपांतरित न होणाऱ्या वस्तू वगळल्या आहेत. मात्र शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा समावेश आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणून धार लावलेली तलवार केवळ ‘प्रतिकृती’ म्हटल्याने कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. खरेदीपूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करणे हिताचे असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे बाळगता येत नाहीत.

शंभर वर्षांहून जुने शस्त्र पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार पुरावशेष ठरते. त्याच्या खरेदी-विक्रीचे नियम वेगळे आहेत.

मूळ वस्तू आणि प्रतिकृती

नव्या पात्यावर आम्लाची प्रक्रिया करून ते जुने भासवले जाते व मूळ म्हणून विकले जाते. जुन्या भारतीय तलवारींत पात्याचा मागील भाग बहुधा लाखेने मुठीत बसवलेला असतो. यंत्राने घासल्याच्या समान रेघा, स्क्रू अथवा साच्याची शिवण दिसल्यास वस्तू नवी असण्याची शक्यता अधिक.

मूळ वस्तूंबाबतही पुराव्याचा प्रश्न उरतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणून साताऱ्यात प्रदर्शित करण्यात आली. ती साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे होती. तथापि अफजलखान वधाच्या वेळी वापरलेली वाघनखे हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयाने नमूद केले आहे. याउलट २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनमधील लिलावात मिळवलेल्या नागपूरकर रघुजी भोसले यांच्या तलवारीवर त्यांच्या नावाचा देवनागरी लेख आहे. लेखी नोंद वस्तूची ओळख टिकवते. घरगुती संग्रहातील नोंदवही व पाटी यांचे महत्त्वही त्यातच आहे: संग्राहकाच्या पश्चात प्रतिकृती मूळ वस्तू म्हणून मिरवली जाऊ नये, यासाठी तोच एक भरवशाचा पुरावा उरतो.