चक्र जुनेच, प्रश्न जागेचा

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर लोक जमतात. १९३७ साली एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब या बंगल्यात मुक्कामाला होते. त्या आठवणीचा हा दिवस. मीही बरीच वर्षे जातो. एका वर्षी गर्दी ओसरल्यावर एक बाई पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोणीत भरताना दिसली. सकाळी रांगेत उभे राहून तिने वंदन केले होते आणि आता ती कामाला लागली होती. मी विचारले, ‘‘ताई, या बाटल्यांचं पुढे काय होतं?’’ ती म्हणाली, ‘‘भंगारवाला लेस. पुढलं माले काय माहीत, सर?’’

तिच्या या उत्तरात आमचा सगळा इतिहास आहे, असे मला वाटते.

हल्ली ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द नगरपालिकांच्या कागदपत्रांतून वाचायला मिळतो. वस्तू वापरून फेकून द्यायची नाही. ती दुरुस्त करायची, वितळवायची, कुजवायची आणि पुन्हा उपयोगात आणायची, असा त्याचा अर्थ. विचार चांगला आहे. परंतु तो जणू आजच परदेशातून आला, असे जे सांगितले जाते ते खरे नाही. ज्या गावात मी जन्मलो त्या गावात काहीच वाया जात नव्हते. पारोळे तालुक्यातील त्या गावात बैल मेला की महारवाड्यात सांगावा येई. माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ तो ओढून नेत. कातडे ढोर-चांभारांकडे जाई, शिंगे आणि हाडे व्यापाऱ्याकडे, उरलेले पोटात. शेण उकिरड्यात, उकिरडा शेतात. चक्र पूर्ण होते. ते फिरविणारी माणसे मात्र जन्माने नेमलेली होती आणि त्यांना त्यातून बाहेर पडायची मुभा नव्हती. माझी आजी म्हणायची, ‘‘बैल गावना, कातडं दुसरानं, वास आपला.’’

मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेने हे चक्र नाकारले. मृत मांस खाऊ नका, असे आमच्या लोकांना सांगितले आणि आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असे सवर्णांनाही बजावले. त्यावर पुढे ‘केसरी’त आमच्या नुकसानीचा हिशेब मांडला गेला. कातडे, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न महारांनी बुडविले म्हणे! १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला. एवढा फायदा असेल तर ढोरे तुम्हीच ओढा, फायदा तुम्हीच घ्या, वर मीही पदरचे पैसे देतो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. पुढे कोणी आले नाही. जो धंदा इतका किफायतशीर होता त्याला गिऱ्हाईक का मिळू नये? कारण त्या उत्पन्नाची किंमत पैशांत नव्हे, माणूसपणात मोजावी लागत होती. आजोबांनी ढोरे टाकली त्या वर्षी घरात उपासमार झाली आणि गावाने बहिष्कार घातला. पण पुन्हा त्यांनी दोराला हात लावला नाही. १९५८ च्या कायद्याने वतनही गेले.

आम्ही सुटलो. पण शहरात आणखी एक चक्र फिरत होते, त्याकडे आम्ही किती पाहिले? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली आणि धुळे, जळगावसारख्या गावांत नगरपालिका उभ्या राहिल्या. पेठा वाढल्या, तसे टोपलीचे संडास वाढले. नगरपालिका भंगीपट्टी वसूल करीत. मेहतर स्त्री-पुरुष मैला डोक्यावरून वाहून नेत. गावाबाहेर तो केरकचऱ्याबरोबर कुजवला जाई आणि सोनखत म्हणून शेतकऱ्याला विकला जाई. नगरपालिकेला पट्टी मिळाली, शेतकऱ्याला खत मिळाले, जमिनीला कस मिळाला. मेहतराला काय मिळाले? शिळी भाकर आणि अस्पृश्यांतही अस्पृश्य ठरविणारे नाव.

धुळ्याहून आग्रा रस्त्याने वर गेले की इंदूर लागते. तिथल्या शेतकी संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि मुताने भिजलेली माती यांचे थर रचून, ते उलथून, उत्तम खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. या शास्त्राबद्दल मला आदर आहे. ढिगात ओलावा किती, हवा किती, तो किती दिवसांनी उलथावा, याचे उत्तर त्यात आहे. ढिगापर्यंत टोपली कोण आणतो, हा प्रश्न मात्र कोणत्याही शास्त्राने आपला मानला नाही.

सरकारने समित्या नेमल्या. मुंबई सरकारची बर्वे समिती १९४९ ची, अहवाल १९५२ चा. केंद्राची मलकानी समिती १९५७ ची, अहवाल १९६० चा. डोक्यावरची टोपली जावी आणि हातगाडी यावी, हा त्यांच्या शिफारशींतला मोठा भाग. टोपली गाडीत गेली, माणूस तिथेच राहिला. पुढे १९७० च्या दशकात लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला. ज्या घरांना दुसरा आधार नव्हता त्यांना ही नोकरी मोठी वाटली आणि ती सोडा असे त्यांना सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु बापाचा झाडू मुलाच्या हाती देणाऱ्या हक्काला हक्क म्हणताना जीभ अडखळते. मैला वाहण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला आणि २०१३ साली दुसरा करावा लागला. यावरूनच पहिल्याची अंमलबजावणी कशी झाली ते समजावे.

आता त्या बाटल्यांकडे येतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत. जुने प्लॅस्टिक वितळवून दाणा करायचा, दाण्याची पट्टी आणि पट्टीची चटई. ती गरिबाच्या घरात अंथरली जाते. चक्र याहून स्पष्ट कुठे दिसेल? पण वेचणारीकडून छोटा भंगारवाला, त्याच्याकडून मोठा, मग दाणेवाला, मग कारखानदार, अशा प्रत्येक पायरीवर भाव चढतो आणि सर्वांत खालची पायरी चढत नाही. तिथे आज मातंग, मेहतर, बौद्ध, भटके आणि गरीब मुसलमान आहेत, आणि बहुतेक बायाच आहेत.

नगरपालिकांनी काय करावे? घनकचरा ही त्यांची जबाबदारी ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत लिहिलेली आहे. कचरा वेचकांच्या संघटनांना मान्यता द्या, त्यांना कामात सामावून घ्या, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेतला. घराकडून शुल्क मिळते आणि विकण्याजोगा माल वेचणारीचा राहतो. तिच्याही अडचणी आहेत, पण माल कोणाचा हे तिथे कागदावर आहे.

आमच्याकडे हे का होऊ नये? जिथे ठेकेदाराचे बिल कचऱ्याच्या वजनावर निघते तिथे ओला-सुका एकत्र राहण्यातच त्याचा फायदा असतो. वेचणारीने उचललेली प्रत्येक बाटली त्याचे बिल घटविते, म्हणून तिला हाकलले जाते. ही पद्धत बदलली पाहिजे. घरातच वेगळा केलेला सुका कचरा, वर्गीकरणासाठी शेड, वजनकाटा, ओळखपत्र आणि त्या मालावर वेचकांच्या सहकारी संस्थेची लेखी मालकी, एवढ्या गोष्टी ठरावाने करता येतात. गटारात मात्र यंत्रच उतरावे, माणूस नव्हे. रावेर-यावलच्या ग्रामपंचायतींना तर वेगळाच वाव आहे. केळीचे झाड एकदाच घड देते, मग खोड कापून टाकतात. त्या खोडाचा धागा निघतो, खत होते. हे काम भूमिहीन मजूर बायांच्या संस्थेकडे द्यावे. मजुरीसाठी नव्हे, मालकीसाठी.

काही कार्यकर्ते विचारतील, जी घाण बापजाद्यांनी टाकली तिच्याकडे आपण पुन्हा का वळावे? प्रश्न योग्य आहे. आमच्या मुलांनी या कामात जावे, असे मी म्हणत नाही. जे आज त्यात आहेत त्यांना वाऱ्यावर सोडून आम्ही पांढरपेशे झालो, एवढेच म्हणतो. महाडने नाकारली ती सक्ती. ज्या कामातून बाहेर पडता येते, ज्याचा भाव करणाऱ्याला ठरविता येतो आणि जे कोणत्याही जातीचा माणूस करतो, ते काम कलंक राहत नाही.

येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर पुन्हा बाटल्यांचा ढीग पडेल. तो आपण फेकायचा आणि आपल्याच बाईने वाकून उचलायचा, एवढे तरी थांबवू या. बाटल्या आपणच एका जागी जमा करू, तिच्या हाती देऊ, आणि जळगावला दाण्याचा भाव काय चालला आहे तेही तिला विचारून नव्हे, सांगून येऊ.