अप्रशिक्षित पदवीधर आणि वर्गातील वर्षे

पदवी हाती आल्यानंतर, पण अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेण्यापूर्वी, वेतन घेऊन वर्गात शिकविणाऱ्या तरुणांचा एक वर्ग महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासात सतत आढळतो. सरकारी परिभाषेत त्यास ‘अप्रशिक्षित पदवीधर’ म्हणतात. शिक्षणाच्या इतिहासग्रंथांत आयोगांना व संस्थापकांना जागा मिळते. हा शिक्षक बहुधा संख्येच्या रकान्यातच भेटतो. वर्गात घालविलेल्या वर्षांचा पगार त्याला मिळाला. परंतु त्या वर्षांची किंमत पुढे कोणी धरली, आणि प्रशिक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या गावाच्या बाजूने पाहिले असता तो अधिक स्पष्ट दिसतो.

आरंभी हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले तेव्हा तेथे शिकविणारे पदवीधर थेट महाविद्यालयातून वर्गात आले. धोंडो केशव कर्वे १८८४ मध्ये पदवीधर झाले, मुंबईतील मुलींच्या शाळांत गणित शिकवू लागले आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ मधील. त्यापूर्वीच्या पिढीला वर्ग हीच प्रशिक्षणशाळा होती. १८८२ च्या हंटर आयोगाने मात्र अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष अध्यापन यांची परीक्षा उत्तीर्ण होणे ही कायम नेमणुकीची अट असावी, असे सुचविले. कर्झनच्या काळातील १९०४ च्या ठरावाने पदवीधरांसाठी एक वर्षाचे प्रशिक्षण पुरेसे मानले. परीक्षेची भाषा येथून सुरू होते. अनुभवाच्या मोजमापाची नव्हे.

हे सारे ब्रिटिश मुलखातील झाले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेथे माध्यमिक व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. अशा परिस्थितीत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तेथे आले ते प्रशिक्षण महाविद्यालयातून नव्हे, तर ना. म. जोशी यांच्याबरोबरच्या कामगार चळवळीतून. पुढे १९३५ मध्ये ते सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस गेले आणि तेथील शाळेला त्यांनी आकार दिला. अंबाजोगाई सोनपेठपासून फार दूर नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि मराठवाड्यातील शाळांपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. शिकवावयाचे मराठीतून, आणि पदवीधर झालेले बहुतेक उर्दूतून. गणिताची व भूगोलाची परिभाषा शिक्षकाने रात्री स्वतः शिकावी आणि सकाळी मुलांना सांगावी, अशी ही वेळ होती. हे शिक्षण कोणत्याही प्रशिक्षण महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात नव्हते. ते वर्गातच झाले. औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) अध्यापक महाविद्यालय झाले तरी सोनपेठच्या तरुणाला प्रथम परळी किंवा गंगाखेडचे स्थानक गाठून मग पुढचा प्रवास करावा लागे. वर्षभराचे वास्तव्य, आणि तेवढा काळ घरी पगार नाही. नोकरी आधी व बी. टी. नंतर, हा क्रम आळसातून नव्हे, हिशेबातून आला. नरहर कुरुंदकर (मूळ गाव कुरुंदा, तेव्हाचा परभणी जिल्हा) १९५५ मध्ये नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवू लागले तेव्हा तर पदवीही व्हावयाची होती.

हा हिशेब मुदलियार आयोगाने (१९५२–५३) नेमका ओळखला होता. प्रशिक्षण महाविद्यालयांनी शुल्क घेऊ नये, सर्व प्रशिक्षणार्थींना राज्याने विद्यावेतन द्यावे, आणि जे आधीच सेवेत आहेत त्यांना प्रशिक्षणकाळात त्यांचा चालू पगार मिळावा, असे त्याने स्पष्ट म्हटले. शिक्षणशास्त्राच्या पारंगत पदवीसाठी निदान तीन वर्षांच्या अध्यापनानुभवाची अटही त्याने सुचविली. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) शुल्कमाफी व विद्यावेतन यांचाच पुरस्कार केला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, आणि ग्रामीण शाळा त्यांनी जवळून पाहिलेली.

महाराष्ट्राने पुढे केले ते याच्या उलट. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा, त्याखालील नियम १९८१ चे. कायद्याने शिक्षकाला मनमानी बडतर्फीपासून संरक्षण दिले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु सहाव्या नियमात अप्रशिक्षित पदवीधराची जी व्यवस्था आहे ती वाचण्यासारखी आहे. अपवादात्मक परिस्थितीत शिक्षणाधिकाऱ्याच्या अनुमतीने त्याची नेमणूक करता येईल. ती वर्षावर्षाची असेल. प्रशिक्षण त्याने स्वखर्चाने मिळवावे. आणि प्रशिक्षित पदवीधर उपलब्ध होताच त्याची सेवा संपुष्टात येऊ शकेल. ‘स्वखर्चाने’ या एका शब्दात दोन आयोगांच्या शिफारशी बुडाल्या. ज्येष्ठतेच्या अनुसूचीतही त्याचा वर्ग प्रशिक्षितांच्या खाली. परिणामी दहा वर्षे दहावीचे गणित शिकविलेला माणूस काल बी. एड. होऊन आलेल्याच्या मागे उभा राहतो. प्रशिक्षणाचे महत्त्व मान्य करूनही, ही दहा वर्षे शून्य धरण्याला शैक्षणिक कारण सापडत नाही. प्रशासनाची सोय हेच कारण दिसते.

एकदाच याला खरा छेद गेला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) दूरशिक्षणाच्या बी. एड.साठी दोन वर्षांचा अध्यापनानुभव ही प्रवेशाची अट केली. जी वर्षे उणीव मानली जात होती तीच पात्रता ठरली, आणि शिक्षकाला गाव व पगार सोडावा लागला नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी ही वाट अरुंद केली : दूरशिक्षणाचे बी. एड. आता प्राथमिकचे प्रशिक्षण आधीच घेतलेल्या सेवेतील शिक्षकांसाठी राहिले. नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या अप्रशिक्षितांना दिलेली मुदतही २०१७ च्या दुरुस्तीनुसार ३१ मार्च २०१९ रोजी संपली.

आज सोनपेठचा पदवीधर ज्या विद्यापीठाची पदवी घेतो त्याला स्वामी रामानंद तीर्थांचेच नाव आहे. अनुदानित शाळेची दारे मात्र प्रशिक्षणाशिवाय त्याला उघडत नाहीत. तो खाजगी शिकवणीच्या वर्गात जातो. बी. एड.मध्ये निदान वीस आठवड्यांची शाळेतील आंतरवासिता आहे. तिचे शुल्क तो भरतो, वेतन नाही. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत कामाच्या जागी प्रत्यक्ष अनुभव घेणाऱ्या पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, मुदत आरंभी सहा महिन्यांची. ज्यांनी हे महिने शाळेत काढले त्यांना त्याचे प्रमाणपत्र मिळते, त्यामुळे बी. एड.च्या आंतरवासितेचा एकही आठवडा कमी होत नाही.