मोडलेल्या पायाची किंमत

20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी माणूसपणाची बरोबरी मागितली. त्याच महाडवरून आज मुंबई-गोवा महामार्ग जातो. पनवेल, पेण, माणगाव, पोलादपूर अशा या रायगडी रस्त्याच्या कडेने पायी चालतो तो वीटभट्टीवरचा कातकरी, शेतमजूर, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण. गाडीची धडक बसली की पाय त्यांचा मोडतो. मग त्या पायाची किंमत कोणत्या मापाने ठरते?

अपघातालाही जात असते. 1929 मध्ये चाळीसगावला टांगेवाल्याने अस्पृश्यासाठी टांगा हाकण्यास नकार दिला. सवय नसलेल्या माणसाने तो हाकला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

कायद्याचे मापही तपासावे लागेल. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात 1956 च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणे आली. पण चालकाचा निष्काळजीपणा जखमीनेच सिद्ध करायचा. 1982 मध्ये चूक सिद्ध न करता भरपाईची तरतूद झाली: मृत्यूस 15 हजार, कायम अपंगत्वास साडेसात हजार. रक्कम तुटपुंजी, पण सर्वांना सारखी.

1994 च्या परिशिष्टाने मात्र वार्षिक 3 हजार ते 40 हजार उत्पन्नाच्या पायऱ्या छापल्या. बिनकमाईच्या माणसाचे उत्पन्न 15 हजार धरायचे. पत्नीचे, कमावत्या नवऱ्याच्या एक तृतीयांश. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचेच हे कोष्टक नव्हे काय? जातीने ज्याची मजुरी पिढ्यान्‌पिढ्या कमी ठेवली, त्याच्या मोडक्या हाडाची किंमतही त्याच मजुरीवरून ठरवायची, म्हणजे एकाच अन्यायाची दुसरी वसुली.

2010 मध्ये राजकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक मर्म ओळखले: हात तुटलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराचे मात्र सर्वस्व जाते. अपंगत्वाचे टक्के मोजून भागत नाही. हे योग्यच, तरी मूळ उत्पन्नाचा पुरावा मागितला जातोच. भट्टीवरच्या मजुराला पगाराची पावती कोण देतो?

1 एप्रिल 2022 पासून चुकीच्या पुराव्याविना मृत्यूस 5 लाख, गंभीर दुखापतीस अडीच लाख अशी सारखी रक्कम आली. त्याच दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदतही घातली. मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंतरिम आदेशाने सांगावे लागले. हंगामासाठी गाव सोडून आलेला, खाटेवर पडलेला माणूस वकील कधी गाठणार?

म्हणून मागणी दयेची नाही. मजुरीचा पुरावा नसेल तेथे किमान वेतन हा भरपाईचा तळ मानावा. वेदनेची किंमत मिळकतीवर ठरू नये. आणि कार्यकर्त्यांनी मोर्चाइतकेच न्यायाधिकरणाचे दारही ओळखीचे करावे. तळ्याचे पाणी सर्वांचे, तसा रस्ताही सर्वांचा. त्यावर सांडणाऱ्या रक्ताला दोन भाव असता कामा नयेत.